बदलाला आम्ही आडवे आलो नाही

"शाळा बदलत नाहीत, कारण शिक्षक बदलायला तयार नाहीत." गेल्या महिन्यात आमच्या शिक्षण परिषदेत एका मान्यवर पाहुण्यांनी हे वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवलं आणि पुढचा पाऊण तास तेच उलगडून सांगितलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : तंत्रज्ञान गावोगाव पोचलंय, चांगले पाठ फुकट मिळतायत, निधीही येतोय, घोडं अडलंय ते शिक्षकाच्या मानसिकतेपाशी. त्याला यंत्राची भीती वाटते, जुनी पद्धत त्याला सोडवत नाही. तेव्हा वर कणखर नेतृत्व हवं, ज्याच्यासमोर प्रत्येक शाळेची रोजची आकडेवारी असेल. आणि खाली वर्गात पडदा हवा, म्हणजे शिक्षक कसाही असला तरी मुलाचं अडणार नाही. आम्ही शंभरावर शिक्षक समोर बसलो होतो. कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहिते आहे.

त्यांच्या म्हणण्यात जे खरं आहे ते आधी मान्य करते. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा धडा नीट वाचता येत नाही, हे 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून सांगत आलाय. आमच्यातले काहीजण त्या अहवालावर चिडतात. मी चिडत नाही, कारण ती मुलं माझ्यासमोर पट्टीवर बसलेली असतात. कामचुकार शिक्षक आहेत, हेही खरं. अकराला येऊन तीनला निघणारे, मुलांना पुस्तकातलं उतरवून घ्यायला सांगून फोनमध्ये डोकं घालणारे मी पाहिलेत, आणि त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांना मान खाली घालावी लागते. त्यांची वकिली मला करायची नाही. पण पाहुण्यांचं वाक्य त्यांच्यापुरतं नव्हतं. ते शिक्षक या अख्ख्या जातीबद्दल होतं, आणि ते खोटं आहे.

महाराष्ट्रातल्या शाळेत जे जे म्हणून बदललं, ते कुणी बदललं, हे एकदा बघू. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढं १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात होती. या दोघींनी त्यांच्या आईबापांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. मूल येत नसेल तर त्याच्या अंगणात जाऊन बसायचं, हा विचारही त्यांचाच. १९७५ मध्ये केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळालं ते अंगणवाडी. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, आणि शिक्षा, स्पर्धा, घोकंपट्टी यांच्याशिवाय प्राथमिक शाळा चालते हे वर्षानुवर्षं चालवून दाखवलं. फलटणला मॅक्सीन बर्नसनबाईंनी मुलांना अर्थासकट वाचायला कसं शिकवायचं यावर आयुष्य घालवलं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी आणि त्यांच्या शिक्षकांनी वर्गाची फरशीच फळा केली. मुलं जमिनीवर आखलेल्या चौकटींत शब्द आणि संख्या मांडत शिकू लागली. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक स्वतःच्या पदरचं भाडं खर्चून, सुट्टीच्या दिवशी गाड्या करून गेले. मीही गेले होते. बदलाला नाही म्हणणारी माणसं रविवारी पहाटे चारला जीपमध्ये बसत नाहीत.

यंत्राची भीती वाटते, हा आरोप तर ज्या राज्यात केला जातो त्याच राज्याच्या इतिहासात टिकत नाही. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संगणक आणि पडद्यावरचं शिक्षण सुरू झालं ते शिक्षकाच्या डोक्यातून. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले ते आपल्या वर्गातल्या मुलांसाठी. राज्यानं ते नंतर उचललं, आणि २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, ज्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, त्यानंतरच्या वर्षांत हजारो शाळांत टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब आले. त्यातलं बरंचसं सरकारी पैशातून आलं नाही. लोकवर्गणीतून आलं.

आमच्या शाळेतला टीव्ही कसा आला ते सांगते, कारण लोकवर्गणी हा शब्द अहवालात फार गुळगुळीत दिसतो. बीडच्या डोंगरपट्ट्यातली आमची शाळा. द्विशिक्षकी. निम्म्या घरातली माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मी आणि आमचे सर संध्याकाळी घरोघर फिरलो. कुणी शंभर दिले, कुणी पाचशे. एका आजीनं लुगड्याच्या सोग्याची गाठ सोडून पन्नासाची नोट काढली आणि म्हणाली, "बाई, माजी नात त्याच्यात इंग्रजी बोलंल का?" मी हो म्हणाले. मी स्वतः अर्धा पगार घातला, सरांनीही घातला. टीव्ही आला, गावानं नारळ फोडला. दीड वर्ष तो चालला. मग बिल थकलं म्हणून वीज तोडली. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला संयुक्त अनुदान मिळतं १० हजार रुपये. त्यात खडू, रजिस्टर, झाडू, फिनाइल, नळाची तोटी, रंगाचा डबा, सगळं. ते कधी येतं फेब्रुवारीत, आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो. बिलाचे हप्ते आम्ही पुन्हा खिशातून भरले. आठ महिने टीव्हीवर जुनी चादर पांघरलेली होती. त्या आठ महिन्यांत शाळेला भेट देणाऱ्या एका साहेबांनी शेऱ्यांच्या वहीत लिहिलं : 'शिक्षक डिजिटल साधनांचा वापर करत नाहीत.' ती वही अजून कपाटात आहे. पाहुण्यांच्या पडद्यावरचं वाक्य वाचताना मला ते अक्षर डोळ्यांसमोर दिसत होतं.

आता पडद्याबद्दल. शिक्षकाची उणीव यंत्र भरून काढेल ही आशा काही आजची नाही. १९१३ मध्ये एडिसननं सांगून टाकलं होतं की चलच्चित्रामुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला. तो तांत्रिकदृष्ट्या थोर होता आणि त्यातून देश पुष्कळ शिकला. वर्ष संपलं, उपग्रह सरकला. १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. पेरूनं दहा लाखांवर लॅपटॉप मुलांना वाटले, पण शिकवण्यात ते कुठं बसतात याचा विचार झाला नाही, आणि युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात नोंद झाली ती शिक्षण न सुधारल्याची. वर्गात सगळ्यात आधी पडदे नेणाऱ्या देशांतला स्वीडन, त्यानं त्याच वर्षी छापील पुस्तकांसाठी सरकारी पैसा बाजूला काढला. हे मी यंत्रं फेकून द्या म्हणून सांगत नाही. शंभर वर्षं एकच चूक होत आली आहे : यंत्र काय करू शकतं ते आधी ठरतं, आणि मुलाचं नेमकं काय अडलंय हे विचारायला कुणी जातच नाही.

मुलाचं काय अडतं ते जवळून दाखवते. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. बावन्न वजा सत्तावीस. एका मुलानं उत्तर काढलं पस्तीस. टॅबवरच्या सरावात त्याला लाल फुली मिळाली, पुढचं गणित आलं. एकेचाळीस वजा अठरा. त्यानं लिहिलं सदतीस. पुन्हा लाल फुली. सहा गणितं, सहा फुल्या, आणि शेवटी एक हसरा चेहरा आला : पुन्हा प्रयत्न करा. पोरगं टॅब पालथा घालून खिडकीबाहेर बघायला लागलं. मी जवळ बसले आणि विचारलं, "हे पस्तीस कसं आणलंस रे?" तो म्हणाला, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." मी म्हटलं, "पण सात खाली आहे ना?" त्यानं माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "मोठ्यातून लहान वजा करायचा, तुम्हीच म्हनला होता."

मीच म्हणाले होते. पहिलीत, एक अंकी वजाबाकी शिकवताना. मुलानं माझं वाक्य इमानेइतबारे दोन वर्षं सांभाळून ठेवलं होतं आणि ते प्रत्येक स्थानी लावत होतं. त्या सहा फुल्यांच्या मागं आळस नव्हता, बुद्धीची कमतरता नव्हती. एक नियम होता, नीट पाळलेला, माझा. मग आम्ही तुरीच्या काड्या काढल्या. दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्ट्या. "यातल्या सत्तावीस मला दे." त्यानं दोन जुड्या दिल्या. मग सात सुट्ट्या द्यायला गेला, हातात दोनच. थांबला. जुड्यांकडे बघत राहिला. वर्गात चौथीची मुलं कविता म्हणत होती, बाहेर खिचडीचं झाकण वाजत होतं, आणि याचा हात एका जुडीच्या रबरावर येऊन थांबला. "सोडू का बाई?" त्या एका प्रश्नासाठी मी बावीस वर्षं नोकरी करते आहे. रबर त्यानं स्वतः काढलं. दोन जुड्या आणि पाच सुट्ट्या उरल्या.

उद्या असा टॅब येईल की जो चूक कोणत्या प्रकारची आहे ते ओळखेल, आणि त्यानं मला खूण केली की 'या मुलाकडे बघ, तो प्रत्येक ठिकाणी मोठ्यातून लहान वजा करतोय', तर मी त्याला डोक्यावर घेईन. ते माझ्या कामाचं यंत्र असेल. पण खूण केल्यावर त्या मुलाजवळ बसायला मी तिथं मोकळी हवी. पाहुण्यांचा सगळा युक्तिवाद या एका जागी कोसळतो. 'शिक्षक कसाही असला तरी अडणार नाही' असं ज्या पडद्याबद्दल ते म्हणाले, तो पडदा कसल्याही शिक्षकाच्या हातात काहीच करत नाही. पाण्याच्या चक्राचा व्हिडिओ लावला की मुलं गप्प बसतात, डोळे मोठे करून बघतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं शिक्षण चाललंय. दुसऱ्या दिवशी विचारलं तर गाण्याची चाल सगळ्यांना पाठ, आणि दोरीवरचं ओलं फडकं वाळतं तेव्हा पाणी कुठं जातं ते कुणालाच सांगता येत नाही. फडकं वाळत घालून, तासा-तासानं त्याला हात लावून बघितल्यावर तोच व्हिडिओ दाखवला की मुलं मध्येच ओरडतात, "बाई, हे आपल्या फडक्यासारखं!" व्हिडिओ तोच. आधी फडकं कुणी वाळत घातलं, फरक तिथं पडतो.

आणि तंत्रज्ञान खरंच मुलाच्या कामी कसं येतं तेही मी अनुभवलंय. कोणत्याही योजनेत ते नव्हतं. चौथीतली एक मुलगी दरवर्षी आईबापाबरोबर ऊसतोडीला जाते. एका वर्षी ती कोल्हापूर भागात उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे झोपडीत राहत होती. तिच्या बापाकडे साधा स्मार्टफोन. जाताना मी तिच्या पिशवीत मराठीचं पुस्तक आणि एक वही टाकली आणि सांगितलं, "रात्री कोपीवर आल्यावर मला फोन करायचा." मला वाटलं नव्हतं, पण तिनं केला. आठवड्यातून दोन-तीनदा, साडेआठ-नऊच्या सुमाराला, रेंज असेल तेव्हा. मागं बैलांच्या घंटा, कुणाचं तरी तान्हं रडतंय, आई भाकरी थापतेय, आणि ही फोनच्या बॅटरीच्या उजेडात एक परिच्छेद वाचतेय. अडलं की मी पलीकडून तो शब्द फोडून द्यायची. कधी तिनं वाचलेलं बापाच्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं. मी ते इथं वर्गात लावलं, आणि तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं उत्तर रेकॉर्ड करून पाठवलं. पाडव्याला ती परत आली तेव्हा वर्गाच्या पुढं नव्हती, पण मागंही पडली नव्हती. त्या चार महिन्यांत आमच्या ऑनलाइन हजेरीत तिच्यापुढं रोज काय भरायचं हा प्रश्न होता. हजर की गैरहजर, दोनच पर्याय. रात्री नऊला कोपीवर शाळेत असलेल्या मुलीसाठी तिसरा पर्याय नव्हता.

करोनाच्या काळात हेच राज्यभर घडलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' असं ठरलं, आणि व्हॉट्सॲपवर पाठांचे दुवे येऊ लागले. ज्यांच्याकडे फोन नाहीत त्यांचं काय, याचं उत्तर जागेवरच्या माणसांनी शोधलं. जव्हार-मोखाड्यात लाउडस्पीकरची 'बोलकी शाळा' पाड्यापाड्यांतून फिरली. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. आम्ही पारावर, देवळाच्या ओट्यावर, चार-चार मुलांना लांब लांब बसवून शिकवलं. यंत्राला घाबरणारी ही माणसं, ज्यांनी भिंत, भोंगा आणि पार यांनाच यंत्र केलं!

मग यंत्र आमच्या गळ्यात अडकतं कुठं? तंत्रज्ञान शाळेत आलं ते दोन दारांनी. एक दार शिकवण्याचं, त्यातून फारच थोडं आलं. दुसरं माहिती मागण्याचं, त्यातून पूर आला. माझा परवाचा मंगळवार सांगते. साडेदहाला परिपाठ. त्याच वेळी हजेरी ॲपवर भरायची, अमुक वेळेच्या आत, नाहीतर शाळा 'लाल' दिसते. रेंज नाही म्हणून मी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढले. अकराला पोषण आहाराची संख्या दुसऱ्या ठिकाणी भरली. सव्वाअकराला ग्रुपवर निरोप : वृक्षारोपणाचे फोटो 'आजच दुपारी एकपर्यंत' लिंकवर टाका. त्या झाडांचे फोटो जुलैतच दोनदा टाकले होते. बाराला आधार न जुळलेल्या मुलांची यादी. ती यादी तीन पोर्टलना वेगवेगळ्या रकान्यांत लागते, आणि एका मुलाच्या नावात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक असल्यानं तो तिन्हीकडे तीन वेगळी मुलं आहे. दुपारी निरक्षर सर्वेक्षणाची बैठक, सर तिकडे गेले. पहिली ते चौथी एकटी मी. साडेतीनला निरोप : 'माहिती अप्राप्त शाळांनी तत्काळ सादर करावी, अन्यथा जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील.' त्या दिवशी मी मुलांना शिकवलं ते किती, हे मला लिहवत नाही.

बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला शिक्षणाखेरीज कोणती कामं देता येतील ते स्पष्ट लिहिलंय : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. बस्स. बाकी जे आमच्या माथी येतं ते 'शैक्षणिक' या शब्दाच्या आडून येतं. फोटो टाकणं शैक्षणिक, लिंक भरणं शैक्षणिक, भरलेली लिंक भरली असं दुसऱ्या लिंकवर कळवणंही शैक्षणिक. पाहुणे ज्याला शिक्षकाची 'मानसिकता' म्हणाले, ती पुष्कळदा निव्वळ दमणूक असते. नवं ॲप आलं म्हणताना आमच्या चेहऱ्यावर जी आठी दिसते ती यंत्राबद्दल नसते. आणखी कोणता तास जाणार, याची ती आठी असते.

नेतृत्वाविषयी पाहुणे जे बोलले ते मला सगळ्यात जास्त लागलं, कारण चांगलं नेतृत्व म्हणजे काय ते मी पाहिलंय. पण आधी परिस्थिती. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर गेल्यावर. म्हणजे डोंगरातल्या, वाडीवस्तीवरच्या शाळांना मुख्याध्यापकच नाही. दोघांतला जो सेवाज्येष्ठ तो प्रभारी. वर्ग शिकवून, खिचडी बघून, कार्यालयात टपाल पोचवून तो 'शालेय नेतृत्व' करणार. त्याच्या वर केंद्रप्रमुख, ज्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि ज्यांचा कार्यभार एखाद्या शिक्षकाकडेच दिला जातो, म्हणजे आणखी एक वर्ग उघडा पडतो. ही रिकामी शिडी तशीच ठेवायची आणि वरच्या टोकाला रंगीत आलेखांचा फलक टांगायचा, याला नेतृत्व म्हणता येणार नाही. आकडा लाल झाला हे वरून दिसतं. तो का लाल झाला ते टाकीच्या कट्ट्यावर चढल्याशिवाय दिसत नाही.

मी पाहिलेलं नेतृत्व असं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक विस्तार अधिकारी होत्या. पहिल्या भेटीत त्या आल्या, चप्पल बाहेर काढली, मुलांमध्ये पट्टीवर बसल्या. तासभर काही लिहिलं नाही. मग मला म्हणाल्या, "बाई, तुमची ती तीन मुलं मागं आहेत ना, त्यांना घेऊन ओट्यावर बसा. बाकीचा वर्ग मी घेते." त्यांनी घेतला. पुढं दर महिन्याला एकदा घेत राहिल्या. एकदा कसलीशी तातडीची माहिती मागवली गेली होती. त्यांनी सगळ्या शाळांना सांगितलं, "ही माहिती माझ्याकडे गेल्या वर्षीची आहे, मी भरते, तुम्ही वर्ग सोडू नका." वरून त्यांना विचारणा झाली असणार, ते आम्हाला कधी कळू दिलं नाही. दोन वर्षांत त्यांची बदली झाली. त्यांच्या बीटमधल्या किती शाळा बदलल्या त्याचा आलेख कुणी काढला नाही. मला एवढं माहीत आहे, की त्या दोन वर्षांत आम्ही शिक्षक एकमेकांच्या शाळा बघायला जायला लागलो होतो, न सांगता.

लोक वाबळेवाडीच्या शाळेचं उदाहरण देतात, आता खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरचं देतात. दत्तात्रय वारे गुरुजींनी तिथं केलेलं काम मोठंच आहे. जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ च्या 'जगातली सर्वोत्तम शाळा' पुरस्कारांत लोकांच्या पसंतीचा मान मिळाला, आणि तो आम्हा सगळ्यांना आपलाच वाटला. पण त्यातून 'एक असा माणूस प्रत्येक शाळेला मिळाला पाहिजे' असा निष्कर्ष काढणारे निम्मीच गोष्ट वाचतात. त्या शाळांच्या मागं गाव उभं राहिलं. आईबापांनी हातभार लावला, शाळा आपली मानली. आणि तिथल्या शिक्षकाला ठरवायची मोकळीक मिळाली, निदान त्यानं ती घेतली. दुर्मीळ माणसाची वाट पाहत बसणारी व्यवस्था ही सामान्य, कष्टाळू, चारचौघांसारख्या शिक्षकाला काहीच देत नाही, आणि शाळा तर अशाच शिक्षकांवर चालतात. माझ्यासारख्यांवर.

पाहुण्यांच्या या सगळ्या मांडणीचा शेवट कुठं होतो, याची मला खरी धास्ती आहे. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून जास्त शाळा आहेत. २०२३ मध्ये समूह शाळांचा विचार पुढं आला : लहान शाळा एकत्र करायच्या, मोठ्या ठिकाणी सुविधा द्यायच्या. पडदा शिक्षकाची जागा घेतो असं एकदा मानलं, की वाडीवरच्या सात मुलांसाठी दोन शिक्षक कशाला, हा प्रश्न आपोआप येतो. मग त्यांना बसनं न्या, नाहीतर घरी पाठ पाठवा. आमच्या वस्तीपासून पुढचं गाव साडेतीन किलोमीटर, मध्ये ओढा. जूनमध्ये तो भरला की दुधाची गाडीही येत नाही. पहिलीतली सहा वर्षांची पोरगी तो ओलांडणार नाही, आणि पाचवी-सहावीच्या वयात आल्यावर तिची आई तिला एकटी पाठवणार नाही. फोनवरच्या पाठांच्या भरवशावर ज्या मुली घरी राहतील, त्या पुढच्या हंगामात फडावर धाकट्या भावंडाला सांभाळताना दिसतील. मी त्यांच्या आयांना शिकवलंय. त्या कशा गळाल्या ते मला पाठ आहे.

बदल हवाच आहे. आम्हाला जास्त हवा आहे, कारण न बदललेल्या शाळेत रोज उभं आम्हाला राहावं लागतं. एका मुलाची माहिती एकदाच भरली जावी आणि ज्या कार्यालयाला हवी त्यानं ती तिथून घ्यावी. संगणकाचा शोध यासाठीच लागला ना? प्रत्येक केंद्राला माहिती भरणारा एक माणूस द्यावा आणि केंद्रप्रमुखाला वर्गात पाठवावं. शाळेचं वीजबिल शाळेकडे मागू नये. टॅब हवा की पुस्तकांची पेटी, की ऊसतोडीच्या पालकांना रिचार्ज, हे त्या त्या शाळेला आणि तिच्या व्यवस्थापन समितीला ठरवू द्यावं. आणि घडी बसलेली शाळा बदलीच्या एका यादीनं मोडू नये. यातलं एकही नवीन नाही. शिक्षण परिषदांत हे वर्षानुवर्षं बोललं गेलंय. फक्त पडद्यावर आलेलं नाही.

पाहुण्यांना माझं एक मागणं आहे आणि ते मनापासून आहे. साहेब, आमच्या शाळेत एक दिवस या. सर निवडणुकीच्या कामाला गेलेत, पुढचा आठवडाभर मी एकटीच आहे. पहिली-दुसरी मी ओट्यावर घेते, चौथीला वाचनाचं काम दिलेलं असेल. तिसरीत अजून चौघांना हातच्याची वजाबाकी यायची आहे. काड्यांच्या जुड्या बांधून ठेवल्यात, रबरं डब्यात आहेत.